तात्यांच्या हातावरची मेंढी

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही! आमच्या सणसर गावात शेजारी राहणाऱ्या म्हादूतात्यांनी साठीला आल्यावर हातावर गोंदून घेतलं. पण थांबा, पहिल्यापासून सांगते.

तात्या रोज सकाळी चहाच्या आधी बॉलपेननं हातावर मेंढी काढायचे. मग डेअरीत दूध घालायला निघाले की भेटेल त्याच्यापुढं हात धरायचे. "वळखा बघू!"

पोस्टमन म्हणाला, "डुक्कर."

डेअरीतला पोरगा म्हणाला, "फ्लावरचा गड्डा हाय व्हय?"

आमची आई म्हणाली, "तात्या, ढग लई झ्याक काढलाय."

तात्या रागवायचे नाहीत. थुंकी लावून पुसायचे. "बरं झालं पेननं काढली. गोंदलेलं पुसत न्हाय. जल्मभर फ्लावर घिऊन हिंडलो असतो!"

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती. लोकर कमी केली, कुत्रं झालं. पाय लांब केले, तर इंदापूरच्या एसटीत एका पोरानं "उंट! उंट!" म्हणून टाळ्या पिटल्या.

सोनाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, चुलीपुढनं ओरडायची, "सगळी मेंढरं इकून ऊस लावला, तवा ह्यो माणूस एक शबुद बोलला न्हाय. आन् आता हातावर मेंढी पायजे!"

एकदा मीच विचारलं, "तात्या, लोकांचं सोडा. सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात, मग तुम्ही तुमची कशी ओळखायचा?"

"कानावरनं. ज्याच्या त्याच्या कळपाची कानाला येगळी खूण. आमच्या मेंढरांच्या कानाला शेंड्यावर दोन खाचा. आमच्या आज्ज्यापासनं..."

बोलता बोलता खिशातलं पेन चाचपत उठलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी हातावर मेंढी नव्हती. नुसता कान! चारच रेघा. तात्यांनी कुणाला "वळखा" सुद्धा म्हटलं नाही.

बाजारच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बारामतीला गेले. गोंदणाऱ्यानं बॅटरीचं मशीन सुरू केलं, हात पाहिला आणि म्हणाला, "पिंपळाचं पान न्हवं? किड्यानं खाल्लंय. नीट करून देतो, काळजी करू नका."

तात्यांनी हात असा हिसकावला! "त्या खाचा बुजवल्यास तर मागं काय ऱ्हातंय रं?"

झालं एकदाचं. हिरवागार कान, भोवती हात सुजलेला. मला वाटलं, आता घरी. तर तात्या थेट मेंढरांच्या बाजारात! एकेका मेंढीपुढं वाकायचे, तिचा कान हाताजवळ धरून बघायचे, पुढं सरकायचे.

एक व्यापारी म्हणाला, "आबा, घ्यायची हाय का?"

"न्हाय. बघतोय, आमची कोण दिसती का."

बाजार उठेपर्यंत बघितलं. एकही दिसली नाही. एसटीत तात्या खिडकीबाहेर बघत बसले, बाही वर सारलेली तशीच.

घरी काकू ज्वारी पाखडत होती. तात्यांनी हात पुढं केला. मी मनात म्हटलं, आता काकू सोडत नाही! काकूनं सूप खाली ठेवलं. हात जवळ ओढला, सुजेवर हळूच फुंकर घातली.

"आपलीच हाय की ही," म्हणाली.

तात्यांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. मी पळतच घरी आले.

तुमच्याकडंही आहे का असं कुणी? गेलेलं असं अंगावर घेऊन फिरणारं? आणि ते ओळखणारं?