मेंढ्याचं डोकं आणि माझी मुत्सद्देगिरी

आमच्या बिश्केकमध्ये आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि मुत्सद्देगिरी या विषयात एम.ए. करणारे पुष्कळ आहेत, पण राजशिष्टाचाराच्या पेपरात वर्गात पहिली आलेली एकच, ती मी. कुठल्या राजदूताला कुठं बसवायचं, कुणाचा झेंडा कुणाच्या डावीकडे, मला झोपेतून उठवून विचारा! त्यामुळे माझ्या बेगिमायताईचा होणारा नवरा येर्केबुलान आणि त्याचे आईवडील कझाकस्तानातल्या अल्माटीहून आमच्याकडे जेवायला यायचे ठरले, तेव्हा मी बाबांना सांगूनच टाकलं, "कुणाच्या ताटात मांसाचा कुठला तुकडा जाणार, ते मी बघते. तुम्ही फक्त हसत बसा."

बाबा म्हणाले, "अगं, ते कझाक, आपण किर्गिझ. त्यांच्या रीती थोड्या वेगळ्या असतात. फोन करून विचारू का?"

"बाबा, यजमानांचा शिष्टाचार चालतो. जगाचा नियम आहे हा."

बाबांना जगाचे नियम ठाऊक नव्हते, म्हणून ते गप्प बसले. ताईनं मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. "नुर्जात, त्याच्या वडिलांना परदेशातली सून नकोच होती. आत्ता कुठं तयार झालेत. तू काही घोळ घालू नकोस, तुझ्या पाया पडते."

"ताई, मी सीमावादावर प्रबंध लिहितेय. एक जेवण काय चीज आहे!"

व्याही, म्हणजे येर्केबुलानचे वडील सापार्गालीकाका, दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसले. त्यांच्या पुढ्यात मी कमरेचं हाड ठेवलं. आमच्या घरी थोरांना तेच देतात. आणि मेंढ्याचं उकडलेलं अख्खं डोकं, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे, तरण्याबांड येर्केबुलानपुढे.

सगळे एकदम चिडीचूप. मला वाटलं, भारावले. म्हणून मी छोटंसं भाषणही ठोकलं. "येर्केबुलान, आजपासून घराचा सगळा भार तुमच्या खांद्यावर!"

विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मी खूश. तेवढ्यात काकांनी मुलाला विचारलं, "काय रे, मी कधी गेलो? मला कुणी कळवलं नाही ते."

ताईनं टेबलाखालून मला कचकचून चिमटा काढला आणि कुजबुजली, "अगं बये, त्यांच्याकडे बाप हयात असताना मुलगा डोकं घेत नाही. घेतलं म्हणजे बाप वारला!"

येर्केबुलान हातात सुरी धरून तसाच. कापावं तर जिवंत बाप मारल्यासारखं, नको म्हणावं तर आमचा अपमान. यालाच कोंडी म्हणतात, त्यावर आमच्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. पहिला उपाय, वादग्रस्त वस्तू हलवणे. मी डोकं उचललं.

"पाहुण्याच्या पुढ्यातलं उचलतेस?" आई जवळजवळ किंचाळली.

दुसरा उपाय, तटस्थ प्रदेश. मी डोकं टेबलाच्या मधोमध ठेवलं. त्याचं तोंड नेमकं विहीणबाईंकडे झालं.

"ते माझ्याकडे का बघतंय?" विहीणबाई म्हणाल्या.

मी ते फिरवलं. मग ते बाबांकडे बघायला लागलं. आता कुणीच जेवेना. काकांनी शेजारी ठेवलेली टोपी उचलली. "निघू या. सीमेवर गर्दी असते."

ताई रडायला लागली. आवाज न करता, मान खाली घालून. आमच्या वर्गात लुटुपुटूच्या वाटाघाटी फिसकटल्या की आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन चहा पितो. इथं माझ्या ताईचं लग्न मोडत होतं आणि मोडणारी मीच होते. मला फार भीती वाटली. कुठलंच प्रकरण आठवेना.

"काका, ताईची काही चूक नाही हो," मी म्हटलं. "मला तुमची रीत माहीत नव्हती. बाबा म्हणत होते फोन करून विचारू, मीच त्यांना गप्प केलं."

काका थांबले. त्यांनी बाबांकडे पाहिलं. "तुमचं ऐकत नाही ही?"

"एक अक्षर नाही," बाबा म्हणाले.

"आमचाही तसाच. दोन वर्षं सांगत होतो, अल्माटीतली बघ."

"ही तर मला जगाचे नियम शिकवते."

"हा मला मोबाईल शिकवतो. आणि वर ओरडतो."

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू बालपणीचे दोस्त भेटले. बाबांनी चहा पुढं केला. काकांनी टोपी परत ठेवली, डोकं स्वतःपुढं ओढलं आणि सुरी मागून घेतली. "लग्न सप्टेंबरात करू," ते म्हणाले. ताईनं डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला.

मग काकांनी मेंढ्याचा एक कान कापला आणि माझ्या ताटात ठेवला.

मी अदबीनं मान लववली. एवढ्या गोंधळानंतरही सन्मान! "काका, हा कुणाला देतात तुमच्याकडे?"

"घरातल्या लहान मुलांना. मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून."

मी, एम.ए.चं दुसरं वर्ष, सगळ्यांच्या देखत तो कान मुकाट्यानं खाल्ला. जरा चिवट होता. शेवटचा घास गिळून मान वर केली, तर दुसरा कानही माझ्याच ताटात पडला होता. तो बाबांनी वाढला.