चैतूभाऊचा परदेशी फोन

चैतूभाऊ कोणतीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय घेत नाही. तो बांबूकाम करतो. बांबू ठोकून, कान लावून निवडायचा, हे समजण्यासारखं आहे. पण हा माठ वाजवतो, टरबूज वाजवतो. पोंभुर्ण्याच्या बँकेचा दरवाजाही त्यानं एकदा वाजवला आणि "पोकळ हाये" म्हणत पैसे न भरताच परतला. तपासताना डॉक्टरनं त्याच्या छातीवर टकटक केली, तेव्हा मात्र गडी खूश झाला. "ह्या माणसाले अक्कल हाये," म्हणाला.

अशा या महापुरुषाला बांबूच्या टोपल्यांच्या प्रदर्शनासाठी दहा दिवस जर्मनीला जायचं बोलावणं आलं. मी गावातला शाळामास्तर, त्यामुळे फोन आणि सिमचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. चैतूभाऊची अट एकच. रोज संध्याकाळी पाचला घरी फोन लागलाच पाहिजे, नाहीतर तो विमानात पाय ठेवणार नाही.

"जानकी कोंबड्या विकून टाकन, गुरुजी. नजर ठेवा लागते."

जानकीबाई त्याची बायको. तीस वर्षं दोघं भांडतायत. सकाळी त्यांचं भांडण ऐकू आलं नाही, तर आमची आळी उठतच नाही. कोंबड्या त्याची आठवण काढतील, असं मला तरी वाटत नव्हतं.

चंद्रपूरच्या दुकानात त्यानं नऊ फोन वाजवले. महागडे सगळे पोकळ निघाले. शेवटी एक जाडजूड, स्वस्तातला फोन त्याच्या कानाला पटला. मग सिमचं पुराण सुरू झालं. इथल्या सिमवर परदेशाचा पॅक टाकला तर महाग पडेल, तिथे उतरल्यावर तिथलंच घ्या, असं दुकानदारानं नीट समजावून सांगितलं.

"तिथी रेंज कुठी भेटते?" चैतूभाऊनं विचारलं.

"सगळीकडे."

चैतूभाऊनं फोन काउंटरवर परत ठेवला. "चला गुरुजी. हा खोटं बोलून राह्यला."

आमच्या गावात रेंज तलावामागच्या काळ्या खडकावरच मिळते. ती सगळीकडे मिळते म्हणणारा माणूस त्याच्या लेखी लबाड. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "हॉटेलच्या खिडकीत उभे राहा, तिथे मिळते." तेव्हा कुठे सौदा झाला.

परतताना मी सांगितलं की आपल्या पाचला तिथे दुपारचे दीड वाजलेले असतात. तो भडकलाच. "मंग खरे पाच कोनाचे?" पोंभुर्णा येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

तो गेला. पहिले दोन दिवस फोन नाही. पाचला मी माझा मोबाइल घेऊन खडकावर चढायचो, मागून जानकीबाई. "विसरला बुढा," असं ती दर पाच मिनिटांनी म्हणायची, पण सहा वाजल्याशिवाय खाली उतरायची नाही.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"गुरुजी, सिम आज चालू झालं. प्रदर्शनातलं दुकान सोडून हॉटेलच्या खिडकीत येऊन उभा हाओ."

"कसं चाललंय?"

"सगळे छान छान म्हणतेत जी. टोपलीचा काठ तिरपा झाला तरी छानच. चूक दाखवाले एक मानूस नाई इथी."

त्याचा एवढा पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. इतके दिवस त्याची टिंगल केल्याची मला लाज वाटली. मी फोन जानकीबाईला दिला. आता कोंबड्यांवरून जुंपणार, असंच मला वाटलं.

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि हळूच विचारलं, "जेवले का तुमी?"

पलीकडून काहीच आलं नाही. ती घाबरली. "रेंज गेली का जी गुरुजी?"

मी पाहिलं. फोन चालू होता. कानाला लावला, तर चैतूभाऊ रडत होता. मी फोन तिला परत दिला. तिनं जरा वेळ ऐकलं आणि खडकावर बसली.

"रडा," ती म्हणाली. "मी फोन ठेवत नाई."