काझी सरांना मोघम चालत नाही

आमच्या क्लाससमोरच्या रसाच्या दुकानावर 'फ्रेश फ्रूट ज्यूस' अशी पाटी आहे. लातुरातला कुणीही माणूस ती न वाचता मोसंबीचा ग्लास सांगतो आणि पिऊन चालू लागतो. काझी सर पहिल्याच दिवशी पाटीखाली थांबले.

"ताजं काय हाय?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. "फळ का ज्यूस?"

"दोन्ही ताजं हाय, सर."

"मग मोघम कशाला लिवलं?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो आणि हे आमचे नवे इंग्रजीचे सर, एवढं मी त्याला हळूच सांगितलं.

औसा तालुक्यातल्या एका खेड्यात सारी नोकरी करून निवृत्त झालेले काझी सर लातुरात एकटेच राहत. स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, "मी इंग्लिश टीचर. म्हंजे इंग्लिश शिकवनारा. इंग्लंडचा न्हाई, औशाचा." डोक्यावरची जाळीची टोपी आणि खडूने माखलेला सदरा बघून कुणाचाही गैरसमज झाला नसता, पण सरांनी आपल्या बाजूने धोका पत्करला नाही.

इंग्रजीतले दोन-तीन साधे शब्द एकापुढे एक दिसले की सर तिथेच अडकायचे. 'ओल्ड टायर मर्चंट' या पाटीत म्हातारं कोण, टायर का मर्चंट? हे विचारायला ते खरोखर दुकानात शिरले होते. एकदा फळ्यावर 'स्मॉल गर्ल्स होस्टेल' लिहिलं आणि अख्खा तास त्यात गेला. लहान मुलींचं होस्टेल का मुलींचं लहान होस्टेल? भोकरहून आलेली वंदना उठून म्हणाली, "सर, होस्टेल लहानच हाय, अन् वॉर्डनबाई आम्हालाबी लहानच समजतात." सरांनी खूश होऊन तिला खिशातला अख्खा खडू बक्षीस दिला.

दुसरी खोड हजेरीची. तासाच्या सुरुवातीला हजेरी सगळेच घेतात. सर तास संपतानाही घ्यायचे, साठच्या साठ पोरांची, नावानिशी. आमचे संचालक वैतागले. आजूबाजूचे क्लास चाचणीवर चाचणी घेत होते आणि आमच्याकडे हे चाललं होतं. त्यांनी मला निरोप दिला, "दुसरी हजेरी बंद करा म्हनावं. न्हाई तर पहिलीबी दुसरं कुनी घेईल."

हा निरोप सांगणं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. तरी सांगितला. सर बराच वेळ टोपी नीट करत बसले.

"त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सकाळी," ते म्हणाले, "आमच्या गावातली लई घरं पडली. जो तो म्हनत होता, सर, बहुतेक पोरं वाचली. बहुतेक म्हंजे कोन? मला मोघम आईकून बसवंना. शाळेच्या कपाटातनं हजेरी काढली अन् शिवारात हुबं राहून एकेक नाव पुकारलं. एक्केचाळीस पोरं. शेवटचं दुपारी घावलं, झाडाखाली झोपलं होतं. सगळी हाजीर. बाजूच्या गावांचं नशीब तसं न्हवतं, सर."

"आणि तुम्ही? तुम्हाला काही लागलं नव्हतं ना?"

"मला कोन इचारनार? जो तो आपलं मानूस हुडकत होता. मी एकटा जीव." मग ते उठले. "सांगा त्यांना, उद्यापासून बंद."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच दुसरी हजेरी घेतली नाही. तास संपला, पोरं दप्तरं आवरू लागली आणि जमीन हलली. दोन-तीन सेकंदच, पण लातुरात तेवढ्यासाठी कुणी आत थांबत नाही. सगळे जिना उतरून रस्त्यावर आलो. संचालक तर अनवाणीच आले होते.

"सगळी आली का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"बहुतेक आली," कुणीतरी म्हणालं.

संचालकांचा चेहरा उतरला. "काझी सर," ते म्हणाले, "हजेरी घ्या!"

रजिस्टर सरांच्या काखेतच होतं. ते पुकारू लागले. एकेक "हाजीर" ऐकताना मला हायसं वाटत होतं. वंदनाचं नाव आलं आणि कुणीच बोललं नाही. सरांनी पुन्हा पुकारलं. संचालक जिन्याकडे धावले. सरांनी तिसऱ्यांदा रस्ताभर ऐकू जाईल असं पुकारलं.

"हाजीर, सर!" समोरच्या दुकानातून आवाज आला. वंदना अर्धा ग्लास हातात घेऊन रस्ता ओलांडत होती. "भ्यालते, सर. घसा सुकला."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. उरलेली नावंही भराभर हाजीर झाली. संचालक पायरीवर बसले आणि घाम पुसत म्हणाले, "उद्यापासून दोन्ही हजेऱ्या घ्या, सर."

सर रजिस्टर मिटणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा. एक नाव राहिलं."

ते घाबरून पुन्हा पानं चाळू लागले. "कोन? कोन राहिलं?"

"काझी सर!" मी हजेरीच्या सुरात पुकारलं.

पोरं हसली. सरांनी रजिस्टर मिटून छातीशी धरलं. मी पुन्हा पुकारलं.

"हाजीर," सर म्हणाले.