अण्णा आणि वायरचा पीळ

गाडी गॅरेजात आली की अण्णा बॉनेट उघडत नाहीत. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसतात, डॅशबोर्डवर तळहात ठेवतात आणि विचारतात, "आदी कोन गप झालं?"

हा प्रश्न गाडीला असतो. माझ्या पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच विचारतायत. मी मागच्या सीटखाली पुसत होते. म्हटलं, "मी आधीपासूनच गप आहे." त्यानंतर मी लाजेनं खरंच तोंड उघडलं नाही.

मोशीत अण्णांच्या वडिलांची शेती होती. तिथे आता इमारती आहेत आणि अण्णांचा एक गाळा आहे. मी चौथी शिकलेली, माझं काम गाड्या आतून पुसायचं. अण्णा फक्त मीटर बघतात, म्हणजे ड्रायव्हरच्या समोरचे काटे आणि दिवे. गाडी पळतेय आणि काटा शून्यावर, किंवा सगळे लाल दिवे एकदम लागलेत, अशा गाड्या लांबून त्यांच्याकडे येतात. बाकीचे म्हणतात मीटर बदला. अण्णा म्हणतात, "मीटर खोटं बोलत न्हाई. त्याला कुनी सांगितलंच न्हाई, तर त्ये काय दाखवील?"

गाडीत म्हणे बरेच डबे असतात. इंजिनाचा, ब्रेकचा, मीटरचा. सगळे दोन वायरींच्या एकाच जोडीवरून एकमेकांशी बोलतात. अण्णांच्या भाषेत इंजिन म्हणजे सासरा, ब्रेक म्हणजे थोरली जाऊ आणि मीटर म्हणजे नवी सून, जिला घरात काय चाललंय ते सगळ्यात शेवटी कळतं. बिघाडाचं नाव दाखवणारं एक यंत्र त्यांच्याकडे आहे, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. "ह्ये चुगलखोर हाय. ज्याचा आवाज आला न्हाई त्याचं नाव सांगतंय. त्याचं तोंड कुनी दाबलं, ते सांगत न्हाई."

अण्णा गाडीचं ऐकत असताना कोणी बोलायचं नाही. एकदा वाकडचे एक साहेब फोनवर बायकोशी वाद घालत होते. अण्णा म्हणाले, "साहेब, तुमच्या घरचं भांडान बाहेर जाऊन करा. हितं गाडीच्या घरचं चाललंय."

आता माझा पराक्रम सांगते.

संतोष नावाचा ड्रायव्हर चाकणच्या एका कंपनीची माणसं शिफ्टला नेतो. त्याच्या गाडीतली ती वायरींची जोडी उंदरानं कुरतडली होती. अण्णांनी नवी टाकली आणि जोडायच्या आधी चहाला गेले. मी पुसत होते. बघते तर पिवळी आणि हिरवी वायर एकमेकींना घट्ट वेढून बसलेल्या. माझ्या हाताला खोड आहे, गुंता दिसला की सोडवायचा. लोकर असो, केस असोत, शेजारणीचा चार्जर असो. मी त्या सोडवल्या, वेणी घालण्याआधी केस विंचरावेत तशा सरळ केल्या आणि एसीच्या पंख्याच्या जाड वायरीला लावून वरून बाकीच्या वायरींसारखीच काळी टेप गुंडाळली. किती छान दिसलं म्हणून दोनदा बघितलंसुद्धा. अण्णांनी येऊन टोकं जोडली. काटा हलला. संतोष गेला.

गुरुवारी तो परत आला. पंखा मोठा केला की काटा पडत होता.

अण्णांनी तीन दिवस शोधलं. बॅटरी काढली, प्रत्येक प्लग उघडला, जेवणसुद्धा गाडीतच. शनिवारी दुपारी संतोष म्हणाला, "अण्णा, सोमवारी गाडी नसली तर कॉन्ट्रॅक्टर दुसरी लावणार आहे."

अण्णांनी चष्मा काढला. "मीटर बदलून घे भावा. मला न्हाई घावत."

"तुम्हीच असं म्हटल्यावर आम्ही कुणाकडं जायचं राव?"

"डोळं गेलं असतील माझं. न्हाईतर डोकं. आता ह्ये बंदच करतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पंख्याचा गोंगाट आत येतोय, एवढं खरं. म्हनून तर त्या दोघींना पीळ घालत्यात. पीळ असला की गोंगाट दोघींवर सारखाच येतो अन् आपोआप जातो. पर पीळ तर म्याच घातलाय."

मी एकच काच चार वेळा पुसली. मग म्हटलं, "अण्णा, तो पीळ मी सोडवला."

"काय?"

"बाई काहीतरी म्हणतायत," संतोष म्हणाला.

इतकं धाडस करून बोलले, आणि तेच परत मोठ्यानं बोलायची वेळ आली. "मी सोडवला. गुंता वाटला. नीट दिसावं म्हणून पंख्याच्या वायरीला बांधला."

अण्णांनी टेप कापली. दोन्ही वायरी शाळेतल्या मुलांसारख्या ओळीत उभ्या. त्यांनी पीळ घातला, पंखा मोठा केला. काटा पडला नाही, जागच्या जागी राहिला.

"काय केलंत हो बाई," संतोष म्हणाला.

"तिला बोलू नगंस. आपलं काम आपन परत उघडून बघत न्हाई, ही माझी चूक."

संतोष गेला. मी फडकं घडी करून ठेवलं आणि चपला घातल्या. नोकरी गेल्याचं मला वेगळं सांगायला नको होतं.

"कुठं चाललीस सुमन?"

"घरी."

"बस." त्यांनी स्टूल सरकवलं. "दोन वर्सं झाली तुला हितं. पयल्या दिवसानंतर आज तुजा आवाज आला. म्या दिसभर लोखंडाशी बोलतो. दिसंल ते बोलत जा. चुकलं तरी बोल."

समोर त्यांचा न उघडलेला डबा होता. म्हटलं, "भाजी कसली आणलीय?"

अण्णांनी पक्कड खाली ठेवली. "भेंडी. आमची ही गेल्यापास्नं चार वर्सं करतोय. रोज चिकाट. तेल वाढवून बघितलं, गॅस बारीक केला, कढई बदलली. हिची मोकळी कशी व्हायची, कवा विचारलंच न्हाई."

"धुतली की पुसून घ्यायची अण्णा. पूर्ण कोरडी झाली की मग चिरायची."

त्यांनी फ्यूजच्या खोक्याचं झाकण फाडलं, खिशातलं पेन काढलं आणि एकेक अक्षर जपून लिहिलं.

"अन् मीठ कवा घालायचं?" त्यांनी विचारलं, पेन तसंच टेकवून.

मी चपला काढल्या आणि स्टूल पुढे ओढलं.