दत्तूभाऊजींचं विलायती घराणं

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. वहीच्या मागच्या पानांवर लिहिते ते कुणाला दाखवायला नाही. पण कुणी वाचलंच, तर आमचे दत्तूभाऊजी कळावेत एवढीच इच्छा.

तर एकदा आमच्या घरी विलायतेतल्या एका ढोलवाल्याचं सुतक आलं होतं.

दत्तूभाऊजी माझे धाकटे दीर. रेल्वेच्या कारखान्यात कारकून. लग्न केलं नाही. झाशीत लक्ष्मी गेटापाशी आमच्याच घरात माडीवरची खोली त्यांची. कॉलेजात असताना त्यांना एका इंग्रज बँडचं वेड लागलं, ते काही उतरलं नाही. बँड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल डगलेवाले येतात. हा तसला नव्हे. यांचं एक गाणं तबकडीची अख्खी बाजू खातं. भाऊजी या मंडळींना बँड म्हणतच नाहीत, घराणं म्हणतात.

त्या दिवशी रद्दीवाल्याकडून आणलेलं इंग्रजी मासिक हातात घेऊन ते खाली आले आणि म्हणाले, "वहिनी, आज पूजा दुसऱ्या कुणाकडून करवून घ्या. मला सुतक आहे."

सासूबाई ताक घुसळत होत्या. त्यांचा हात थांबला. "अगबाई! कोण गेलं? ग्वाल्हेरचे की सागरचे?"

"आमचा ढोलवाला गेला, आई."

"कोण हा? गोत्र काय त्याचं?"

"गोत्र ठाऊक नाही. पण वीस वर्षं त्याच्या हातावर जगलोय."

आमचं घर मूळचं भटजींचं. सासूबाईंना सुतकाचे नियम तोंडपाठ. त्यांनी भाऊजींना मासिकावरचा महिना वाचायला लावला, बोटं मोजली आणि निकाल दिला, "बातमी तीन महिन्यांच्या आत कळली असती तर तीन दिवस धरले असते. याला वर्ष उलटून गेलंय. नुसती अंघोळ कर आणि जेवायला ये."

भाऊजींनी ऐन थंडीत नळाखाली अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ केली आणि कुडकुडत पानावर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी गोड खाल्लं नाही. सासूबाईंनीही वाढलं नाही.

आपल्या घराण्याची वंशावळ असते तशी त्यांनी या बँडचीही लिहिली आहे, लांबच लांब कागदावर, काळ्या शाईत. कोण कधी आला, कोण रुसून गेला, कोणाला परत आणलं. एक पेटीवाला तर दोनदा गेला आणि तीनदा आला. "अहो, जितक्या वेळा गेला तितक्याच वेळा येईल ना?" मी विचारलं. "पहिलं येणं धरा की, वहिनी!" ते म्हणाले. बरोबरच होतं. आता पहिल्या मंडळींतला एकच उरलाय. बाकी सगळे मागाहून आलेले. तरी भाऊजी म्हणतात, "परंपरा तुटलेली नाही."

लग्न होऊन आले तेव्हा मला त्या गाण्यांचं काही कळत नसे. मी भाताचं आधण ठेवायची, भात शिजायचा, वाफ जिरायची, तरी वर नुसतं घुं-घुं. जिन्यातूनच विचारायची, "संपलं का?"

"थांबा वहिनी, अजून सुरू व्हायचंय!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाला पैशांसाठी थांबलेला असो की दारात कारखान्याचे साहेब, उत्तर तेच.

झाशीत त्यांच्यासारखा दुसरा वेडा नव्हता. होता तो चिरगावला. रामसेवकजी. शाळेत मास्तर, डोक्याला गमछा, बुंदेली बोलणारे. या दोघांची गाठ एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पडली. ते इंग्रज एकदा दिल्लीला आले, तेव्हा हे दोघे बरोबर गेले. भाऊजींच्या कानात आजोबांची भिकबाळी होती, मोत्यांची. ती विकून त्यांनी दोघांचाही खर्च केला. सासूबाई महिनाभर त्यांच्या उजव्या कानाकडे बघून सुस्कारे टाकत होत्या. रामसेवकजींच्या वाट्याचे चोवीसशे निघाले. मास्तरांचा पगार कधी व्हायचा, कधी नाही. ठरलं की महिन्याला वीस रुपये द्यायचे.

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार त्यांचा. सकाळी जिन्याखालून हाक यायची, "काय भैया, घरे हो?" वर जाऊन आधी वीस रुपये ठेवायचे. मग तबकडीची एक बाजू ऐकायची, मग भांडायचं.

"सब पुर्जे बदल गए भैया. अब वो गाड़ी वो गाड़ी थोड़ी रही!"

"पुर्जे बदलले म्हणून काय झालं? आमच्या कारखान्यात या. इंजिनाचा नंबर तोच राहतो!"

मी चहा उंबऱ्याशी ठेवून मागे फिरायची. परक्या माणसासमोर मला बोलवत नाही. पण जिन्यात थांबून ऐकायची.

तिथेच माझ्या लक्षात आलं. रामसेवकजी निघाले की भाऊजी वीसातले बारा त्यांच्या खिशात कोंबायचे. "बसभाडं. पाहुणे माझे, भाडं माझं." म्हणजे फिटायचे फक्त आठ. मी चुलीपुढे कोळशाने हिशोब मांडला. अशाने चोवीसशे फिटायला पंचवीस वर्षं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "दत्त्या गणितात कच्चाच होता."

भाऊजी कारखान्याचे पगार मांडतात. ते गणितात कच्चे नव्हते. एका महिन्यात रामसेवकजींना ताप आला म्हणून ते आले नाहीत, तर भाऊजी दिवसभर खिडकीत बसून राहिले. तबकडी लावलीच नाही. मी म्हटलं, "एकट्याने ऐका की."

"एकट्याने ऐकलं तर भांडायचं कुणाशी, वहिनी?"

पुढच्या महिन्यात रामसेवकजींनी दोन हप्ते एकदम दिले. भाऊजींनी भाडंही दोन वेळचं परत केलं. कर्ज होतं म्हणून ते येत होते, असं भाऊजींनी मनाशी धरलं होतं. ते फिटलं की हा माणूस कशाला येईल?

अशी दहा वर्षं गेली. मग एका रविवारी रामसेवकजी आले ते बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. मी चहा घेऊन वर गेले होते. त्यांनी डबा भाऊजींसमोर पालथा केला. दहाच्या नोटा आणि दोन-दोन रुपयांची नाणी. ढीग झाला.

"आज दस बरस पूरे हुए, भैया. चौदह सौ चालीस हैं. गिन लीजिए."

"हे कुठून आणले?"

"आप ही के हैं. हर महीने बारह."

"ते तर बसभाडं होतं!"

"बस मेरे साले की है," रामसेवकजी गमछ्यात तोंड लपवून हसू लागले. "उसने आज तक मुझसे किराया नहीं लिया. आप इतने चाव से देते थे, तो हमने मना नहीं किया."

भाऊजी हसले नाहीत. नाण्यांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात, मराठीतच म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही येणार नाही."

रामसेवकजींना मराठी अर्धीमुर्धी कळते. एवढं कळलं असावं. त्यांचं हसू थांबलं. आणि काय झालं मला ठाऊक नाही, मी उंबऱ्यातूनच बोलले. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"रामसेवकजी, अगले महीने खाना यहीं खाइएगा."

दोघांनी वळून बघितलं. माझे कान तापले. रामसेवकजी हात जोडून म्हणाले, "हओ, भाभीजी. साले ने बस अभी बेची नहीं है."

भाऊजी खाली मान घालून नाणी मोजायला लागले. दोनदा चुकले. डोळे पुसत मोजल्यावर दुसरं काय होणार? तिसऱ्यांदा दोघांनी मिळून मोजलं, एकाने नोटा, एकाने नाणी. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. चोवीसशे पुरे फिटले.