नाव विचारणारे सर

आरोही, निषाद, आपल्या वरच्या खोलीतले दत्ता सर परवा बिऱ्हाड हलवून इंदापूरला गेले. सुट्टीत तुम्ही बारामतीला याल तेव्हा ते भेटणार नाहीत, म्हणून आत्ताच लिहिते.

कुठल्याही बाईला सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लग्नाआधी नाव काय होतं?" एसटीत, भाजीबाजारात, एकदा तर भर मांडवात नवरीच्या सासूला. ती भडकली, "तुमाला काय करायचंय वो?" सर शांतपणे म्हणाले, "इतिहास, मावशी."

ते इतिहासाचे एम.ए. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडे रीत; त्या पुसलेल्या नावांवरच त्यांची पीएच.डी. चालली होती. खोली बघायला आले तेव्हा मलाही विचारलंच. "कुसुम," मी म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. तुमच्या आजोबांनी पेपर खाली केला. तेही ते नाव केव्हाच विसरले होते.

कॉलेजात शिकवताना सर पुस्तक क्वचितच उघडत. मुलांना सांगत, आजीला घेऊन या. आजी खुर्चीवर, सर मुलांबरोबर बाकावर. "आज या सांगतील, आपण विचारायचं." प्राचार्य म्हणत, "हा वर्ग आहे की हळदीकुंकू?"

एकदा मीही गेले होते. खुर्चीवर निमगाव केतकीच्या पारूआजी. स्वतःचं जुनं नाव सांगून झाल्यावर त्यांनीच उलट विचारलं, "आन् तुज्या आईचं काय रं?"

सर खाली बघून म्हणाले, "माहीत नाही. मी रांगत होतो तेव्हा गेली. वडीलही लवकर गेले. घरात तिचं सासरचंच नाव ठाऊक. माहेर काटेवाडीकडच्या मेंढरवाल्यांचं, पण ती माणसं पुढे पांगली."

पारूआजींनी पदर सारखा केला. "बघते इचारून."

दिवाळीनंतर त्या आपल्या दारात उभ्या, सोबत काठी टेकत आलेली आणखी एक म्हातारी. मी सरांना हाक मारून खाली बोलावलं.

"ही तुज्या आईची चुलतबहीण," पारूआजी म्हणाल्या. "लई हिंडले हिच्यापायी. आदी च्या टाका."

त्या म्हातारीने सरांना बराच वेळ न्याहाळलं. "ठकू. आमी ठकूच म्हनायचो. सदा कोकरू काखंत. नाक तिचंच हाय तुला."

एका उत्तरावर दहा प्रश्न विचारणारे सर हळूच एवढंच म्हणाले, "मावशी, परत एकदा म्हणा."

"ठकू."

त्यांच्या आईचा फोटो कुठेच नाही. माहेरचं घर राहिलं नाही. नाव आहे.