लीलाअक्कांची सुपारी

आमच्या पिंप्राळ्यात लीलाअक्कांनी तोंडात अख्खी सुपारी टाकली की समजायचं, कुणाचं तरी गाऱ्हाणं सुरू होणार. ती त्या चावत नाहीत. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत नुसती गालात धरून ठेवतात, म्हणजे मध्येच बोलायची सोय उरत नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या तेव्हापासूनची सवय. ज्यांना ऑफिसात किंवा घरात कुणी धड बोलू देत नाही, ती सगळी माणसं त्यांच्याकडे येतात. मी त्यांचा शेजारी, आणि मला सल्ले द्यायची भारी हौस. "तुन्ही जीभ कुलपात ठेव रे भाऊ," हे मी रोज ऐकतो.

गल्लीतल्या सिंधूताईंना अर्धांगवायू झाला. एकेक शब्द सुटायला वेळ लागायचा. मुलाने, प्रकाशने, त्यांना धुळ्याच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं आणि आम्हा शेजाऱ्यांना बोलावलं. सिंधूताईंच्या खाटेशेजारी बसून सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते. मीही म्हणालो, "तिथं बरोबरीची माणसं भेटतील." अक्कांनी असं पाहिलं की मी चहाच्या कपात तोंड घातलं.

"आते बठ्ठा गप बसा. तिले बोलू द्या," अक्का म्हणाल्या आणि सुपारी गालात गेली.

प्रकाश सारखा मोबाईल बघत होता. बऱ्याच वेळाने सिंधूताई बोलल्या, "आठेच... मरसू." इथेच, आपल्या घरात.

सून रडायला लागली. मला वाटलं, आता अक्का तिला झापणार. पण सुपारी काही बाहेर आली नाही, अक्का फक्त सुनेकडे तोंड करून बसल्या. हळूहळू कळलं, सासूला उचलून उचलून पोरीची कंबर गेली होती आणि नवरा ऐकून घेत नव्हता. मग कुठे अक्कांनी सुपारी काढली. प्रकाशला म्हणाल्या, "सकाय-संध्याकाय उचलाले मी येसू. तू मायले आठेच ठेव." प्रकाशने मान डोलावली. त्या दिवसापासून अक्का रोज जायला लागल्या.

मग पुतणीच्या लग्नाला अक्का पिंपळनेरला गेल्या. परत आल्या तर सिंधूताईंची खाट रिकामी. "तुम्ही नव्हत्या ना अक्का," प्रकाश म्हणाला, जणू चूक त्यांचीच.

अक्का धुळ्याला गेल्या. सुपारी गालात धरून दिवसभर सिंधूताईंजवळ बसल्या. सिंधूताईंनी भिंतीकडे फिरवलेलं तोंड वळवलं नाही. आठवड्याभरात त्या गेल्याच. प्रकाश दिसला की अजून माझं डोकं फिरतं.

काल संध्याकाळी अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. बटव्यातून एक सुपारी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"टाक तोंडमा."

मी टाकली. तुरट, आणि खड्यासारखी कडक.

"मन्हा पोऱ्याना फोन उना," अक्का म्हणाल्या. "मन्हासाठे जागा पाहेल शे म्हने त्यानी. धुळ्यालेच."

म्हणजे त्यांचा मुलगाही त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार होता. मी बोलतो त्याच्याशी, तुम्ही काळजी करू नका, असलं काहीतरी ओठांवर आलं. सुपारी काढायला मी हात वर नेला, तर अक्कांनी बोट दाखवून थांबवलं.

"मन्हं अजून व्हयनं नही."

बोलायचं बाकी ठेवून त्या बटव्याची नाडी गुंडाळत बसल्या. समोर गल्लीत दिवे लागले. मी सुपारी गालात धरून बसून राहिलो.